मी नव्हते, म्हणून माडी मोजली नाही

हे मी सांगायचं नव्हतं. भामाबाईंनी मला तशी शपथच घातली आहे. पण शिडीला शपथ कशी लागणार? मी मिरजेतल्या सुभेदार लालासाहेबांच्या घरची शिडी बोलतेय.

माझे दांडे बांबूचे आणि अकरा पायऱ्या बाभळीच्या. पलटणीतून परतल्यावर सुभेदारांनी घरावर माडी चढवली. जिन्याने खालची खोली अडेल, म्हणून जिना न करता मला करून घेतलं. त्यांच्या पत्नी शालूबाई डोक्यावर कुरडयांचं सूप घेऊन, मला न धरता चढायच्या. माणसं वर जाताना माझ्याकडे बघत नाहीत, उतरतानाच बघतात.

चौऱ्याहत्तर साली दोघांनी मुलाजवळ कोरेगावला जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. घ्यायला आल्या लीलाबाई, दवाखान्यातल्या सिस्टर. म्हातारी आई, तानुबाई, त्यांच्याजवळ असायची. राहती खोली महिनाअखेर सोडायची होती. दुसरी मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे, मग खोली कालच दिलेली असायची. सुभेदारांनी आडनाव विचारलं नाही. "वर वारा लय छान येतो, सिस्टर," एवढंच म्हणाले.

कर्ज देणाऱ्या पतपेढीने घराची किंमत ठरवायला एक साहेब पाठवले. नेमक्या त्याच सकाळी शेजारच्या भामाबाई न विचारता मला शेवग्याच्या शेंगा काढायला घेऊन गेल्या. मग मला झाडाला टेकवून, कुलूप लावून बाजारात गेल्या. भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"माडीवर जायचं कसं?"

"शिडी हाय की. आत्ता हितंच हुती!"

"मला अजून दोन घरं बघायचीत. डोळ्यांनी बघतो तेवढंच मी लिहितो," साहेब म्हणाले आणि गेले.

आठवड्याने आकडा आला. तो इतका कमी होता की लीलाबाईंना कर्ज पुरेना.

"माझ्या घराची ही किंमत? मोडला सौदा!" सुभेदार गरजले.

लीलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. पतपेढीतून अहवालाची नक्कल घेऊन आल्या. "काका, आधी हे वाचा."

"एकमजली घर. वर जाण्याची सोय नाही..." सुभेदार थांबले. "आन् माझी माडी?"

"त्या दिवशी शिडी कुठं हुती?" शालूबाईंनी विचारलं.

भिंतीवरून भामाबाईंचं तोंड वर आलं. "आवं भाऊजी, मीच नेली हुती. शेंगांसाठनं."

"व्हय? म्हंजे वैनी, आमची माडी तुमच्या आमटीत गेली!"

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. लीलाबाई मात्र तिथंच अर्ज लिहायला बसल्या: घर पुन्हा बघावं. भामाबाईंनी मला परत आणलं, पदराने पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "माझी शपथ हाय, गल्लीत कुठं बोलू नगंस, बाई."

साहेब पुन्हा आले. तिसऱ्या पायरीवर जरा थबकले. एरवी मी कुरकुरते, पण त्या दिवशी अगदी गप्प राहिले. वर त्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, टेप लावली, खिडक्या मोजल्या.

नवा आकडा बराच वर गेला, तरी थोडा कमीच पडला. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तेवढं आमी सोडलं. आमाला लवकर जायचंय, आन् सिस्टरला लवकर यायचंय."

लीलाबाईंनी माझा दांडा घट्ट धरला होता. पण त्यांचा हात हळूहळू सैल होत गेला, ते मला कळलं.

सुभेदार जाताना मला इथंच ठेवून गेले. माझी वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. घराचा आकडा कमी आला तर भांडण्याआधी तो कागद एकदा नीट वाचा, आणि मग...

"लीले, शिडी आण गं! बुद्धाची तसबीर लावू!"

तानुबाईंचा आवाज. भाड्याच्या खोलीत मालकाने नको म्हटलं, म्हणून सात वर्षं ती तसबीर ट्रंकेत लुगड्यात गुंडाळून होती. लीलाबाई आल्याच. त्यांनी मला खांद्यावर घेतलंय, आणि आता मी