भातमातेचे डोहाळे

थायलंडच्या पश्चिम सीमेवरच्या आमच्या खोऱ्यात भातमातेच्या डोहाळ्यांची कथा तीन पाठांत आढळते. वरच्या गावांत तिला चिंच हवी असते, ओढ्याकाठी आंबट संत्री; सीमेपलीकडून आलेली माणसे कैरी सांगतात. फळ बदलते, शेवट बदलत नाही: पोटरीत आलेल्या, म्हणजे गर्भार भाताला आंबट मिळाले नाही, तर दाणा पोचट राहतो. या तिन्ही पाठांत खाचराला मात्र कुणी बोलते केलेले नाही. म्हणून चौथा पाठ मी सांगते. मी कियांग आजीच्या खाचरातली माती बोलते आहे.

मला डोंगरातल्या पुराने जन्म दिला. वर जस्ताची खाण उघडल्यावर त्याच पुराने माझ्यात कॅडमियम हा विषारी धातू आणून टाकला. त्याला वास नाही, रंग नाही. मला त्याचा पत्ता लागला तो माणसांवरून. आजीचे यजमान बांधावर बसताना आधी काठी टेकू लागले, पुढे यायचेच थांबले. माझ्या भातातल्या विषाने मूत्रपिंडे गेली, असे घरात बोलले गेले. त्यानंतर अकरा वर्षे त्या घरात बाजारचा तांदूळ शिजला.

मग आजीची नात सायथिप शिकून परतली. तिने माझ्यात चुना आणि तुसाचा कोळसा मिसळला. चुन्याने माझा आंबटपणा उतरला, कोळशाने त्या धातूला कवटाळले, आणि मुळांच्या हाती तो फारसा लागेनासा झाला. गेल्या हंगामातला दाणा तपासणीत खाण्याजोगा ठरला. घर आनंदले. मी मात्र तेव्हापासून धास्तावलेली आहे. धातू गेलेला नाही. मी तो नुसता धरून ठेवला आहे, आणि माझ्यात आंबट मुरले की माझी पकड सुटते.

यंदा सायथिपला सातवा महिना. बाळंतपणात तिला घरचाच भात खाऊ घालायचा, असा आजीचा हट्ट. भात पोटरीत आला तशी आजी डोहाळ्यांचे ताट घेऊन आली. भाताच्या पानांवरून फणी फिरवली, पावडर लावली, संत्री मांडली. इथवर रीत नेहमीचीच होती. पण मागून हातगाडीवर, फळे कुजवून केलेल्या आंबट पाण्याची सहा पिंपे आली. गेल्या वर्षी थोडे दाणे पोचट निघाले होते. दोष चुन्याचा, हा आजीचा निष्कर्ष. ते पाणी ती माझ्याकडे येणाऱ्या पाटात ओतणार होती.

"गर्भार भातमातेच्या तोंडात चुना कोंबलास तू," ती नातीला म्हणाली. "तिला चव कसली राहणार?"

पहिल्या पिंपाचे झाकण निघाले. सायथिप अवघडल्या अंगाने पाटाच्या तोंडाशीच बसली. धातूचे सारे पुन्हा समजावून झाले. आजीने ते पूर्वीही ऐकलेच होते.

"आजी, हा भात खाणार कोण?"

"तू. आणखी कोण?"

"मग हिचे डोहाळे माझ्या तोंडानं पुरव. हिच्या पोटात जाईल ते माझ्याच पोटात येणार आहे."

"तुझं तोंड मुळातच आंबट आहे," आजी म्हणाली; पण हात पिंपावरच थांबला होता. त्या हाताखाली मी किती वेळ ताटकळले, मला सांगता येणार नाही. माझे मागणे एवढेच आहे: मला धरायला लावलेत, तर धरू द्या.

आजीने झाकण लावले. ताटातले एक संत्रे सोलून नातीच्या हातात दिले. सायथिपने ते बांधावर बसून, तोंड वाकडे करीत, संपवले. साली आजीने माझ्यात न टाकता ओच्यात बांधून घरी नेल्या.