बुजवलेली खोली

सांगायचं होतं ते घरातून निघतानाच सांगून टाकायला हवं होतं. पण सुनेनं तोंड उघडावं आणि भलतंच बाहेर पडावं. आई, पाणी हवंय का. आई, पाय वर घेऊन बसा. अख्खा प्रवास असाच गेला. आता गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेतल्या खोलीत, दोन लोखंडी खाटा आणि भिंतीवरचा एक कुरकुरणारा पंखा एवढ्याच संसारात, सासूबाई इस्त्रीची साडी नेसून कधीच्या तयार होऊन बसल्या होत्या. मुलाची खोली बघायला जायचं होतं ना!

मुलाची म्हणजे काय, तर दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या कुणा भिक्षूची. शहरच तसं. वय विचारायची सोय नाही. एका टोकाला विटांचा भला थोरला स्तूप, त्याच्या पायाशी जमिनीत गाडला गेलेला विहार. दुसऱ्या टोकाला गुरुद्वारा. मधल्या गल्ल्यांतून सायकल दुरुस्तीवाले, भांडीवाले, औषधवाले, सगळे आपापल्या गिऱ्हाइकांत गुंग. मुलगा स्तूपाजवळच्या उत्खननावर होता. सून त्याच कामावर भिंतींची मापं घेऊन नकाशे काढायची, दोघांचं लग्नही तिथंच जमलं. विहारातली एक छोटी खोली मुलाच्या हाताला लागली आणि त्याचं जगणंच बदललं म्हणा ना. झोपायला विटांचा ओटा, भिंतीत दिव्यासाठी कोनाडा, उंबऱ्याची वीट पावलांनी झिजून खोलगट झालेली. फोनवर त्यानं आईला हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की न बघताही त्यांना ती खोली पाठ झाली होती.

त्याला घरी ‘सावकाश’ म्हणायचे. नाव आईनंच पाडलेलं. हा बुटाची नाडी बांधायला बसला, की तिकडं शाळेची घंटा होऊन जायची. जेवायला बसला, की बाकीच्यांची भांडी घासून व्हायची तरी ह्याचा वरणभात चालूच. आईनं डोक्याला हात लावावा आणि हसावं. पण कुंचल्यानं एकेक वीट मोकळी करायची तर असाच माणूस लागतो. उत्खननावर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

‘ये ना आई, तुला त्या ओट्यावर बसवतो,’ असं तो दर फोनला म्हणायचा. आईंनी घराला रंग द्यायचं काम काढलं होतं. रंगारी गेले की येते, असं त्या म्हणायच्या, आणि रंगारी म्हणजे रंगारीच, एका भिंतीला हात लावायचा आणि दोन दिवस गायब. ‘अरे, दोन हजार वर्षं थांबलीय ती खोली. आणखी थोडे दिवस थांबली तर काय पळून जाणारेय?’ असा त्यांचा विनोद असायचा. सावकाश हसायचा. कुणाला घाई करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आणि इथंच सगळं बिनसलं. उत्खननाचा हंगाम संपला की खणलेलं पुन्हा बुजवायचं असतं. आधी कापड अंथरायचं, त्यावर वाळू, वर उकरलेली माती. उघडं ठेवलं तर पावसानं भिंती ढासळतात, आणि उरलेल्या विटा लोक उचलून नेतात. ह्या कामातल्या माणसाला ही इतकी साधी गोष्ट, की ती आईला सांगायला हवी हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आईंच्या मनात ती खोली अजून तशीच उघडी होती. वर्षभर त्या तीच धरून बसल्या होत्या, कारण मुलगा राहिला नव्हता.

हे झालं एक. ह्याच्या पोटात आणखी एक होतं. सगळ्यांचे खड्डे बुजले तेव्हा सावकाशचा बुजला नव्हता. आई येतेय, म्हणून तो वरिष्ठांच्या हातापाया पडला. ठेव, पण मग बुजवायचं तुझं तू बघ, असं त्यांनी सांगितलं. मजूर आपापल्या गावी गेले. हा रोज खोलीवरचं ताडपत्रीचं छप्पर सारखं करायचा आणि संध्याकाळी आईला फोन करायचा, पण लवकर ये असं कधी म्हणायचा नाही. शेवटी आकाश भरून यायची लक्षणं दिसली, तेव्हा त्यानं आणि चौकीदारानं मिळून ती बुजवली. भर उन्हात, पाट्या वाहून. घरी आला तो तापानं फणफणलेला. ऊन डोक्यात गेलं होतं. त्यातून तो उठलाच नाही.

आईंना ताप एवढंच ठाऊक होतं. खोली बुजवलीय हे आज सांगायचं, आणि तो थांबला होता हे मरेपर्यंत सांगायचं नाही, असं सुनेनं ठरवलं होतं.

फाटकापाशी चौकीदारानं हात जोडले. साहेबांची आई आली म्हटल्यावर त्याचे डोळे भरले, काहीतरी बोलायला तो पुढंही झाला, पण सुनेनं त्याच्याकडं असं पाहिलं की बिचारा गप्प मागं चालू लागला. स्तूपाला वळसा घालून तिघं गवताच्या एका मोकळ्या तुकड्यावर आले. सासूबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि खोली कुठाय म्हणून विचारलं.

‘इथंच, आई. आपल्या पायांखाली.’

‘अगंबाई, मग जिना कुठाय?’ असं म्हणून सासूबाई खरोखरच जिना शोधू लागल्या.

सुनेनं त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. मग तिनं सांगितलं. कापड, वाळू, माती, का आणि कसं, सगळं एका दमात. सासूबाई ऐकत राहिल्या. कुणी बुजवली, ह्याला तिनं ‘त्यानंच’ असं उत्तर दिलं. मग दार कुठं होतं ते दाखव म्हणाल्या.

खोली सुनेच्या हातून मोजली गेली होती, तिला ती डोळे मिटूनही सापडली असती. मापं घेण्यासाठी रोवलेल्या दगडापासून चालत जाऊन तिनं हातातल्या छत्रीच्या टोकानं गवतावर भिंतींच्या रेघा ओढल्या, दार सोडलं, ओटा दाखवला. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या. दारातून आत गेल्या आणि ओट्याच्या जागी गवतावर बसल्या. तळहात जमिनीवर ठेवून त्या, पोरीनं माहेरी येऊन रडावं तशा रडल्या. सून बाहेर उभी राहिली. तिलाही रडायचं होतं, पण आत दोघींना पुरेल एवढी ती खोली नव्हती.

रडणं ओसरल्यावर सासूबाईंनी वर पाहिलं.

‘मी येणार होते हे ठाऊक होतं ना त्याला? मग थांबला का नाही?’

सुनेनं छत्रीचं टोक मातीत रुतवलं. ‘वरून हुकूम होता, आई. सगळं एकाच दिवशी बुजवलं.’

चौकीदारानं तोंड फिरवलं. सासूबाईंनी मान डोलावली, पदरानं नाक पुसलं.

‘अख्खा जन्म रेंगाळला मेला. आणि माझ्याच वेळेला बरी घाई सुचली.’

परतताना रिक्षात सून मनाशी झगडत होती. थांबला होता, आई, तुमच्यासाठीच थांबला होता, एवढं म्हणायचा अवकाश. पण मग पुढचा प्रश्न येणार, किती थांबला, आणि त्याच्या पुढचा, ताप कशानं आला. रंगारी, ऊन, पाट्या, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं असतं, आणि ह्या बाईनं पुन्हा कधी अन्नाला हात लावला नसता. न सांगावं तर पोरावर बालंट. ज्यानं आयुष्यात कुणाला घाई केली नाही त्याच्यावर. सून रस्त्याकडं बघत राहिली आणि धर्मशाळा आली.

संध्याकाळी दोघी डोक्यावर पदर घेऊन गुरुद्वाऱ्यातल्या तळ्याच्या पायरीवर बसल्या. आतून भजनाचे सूर येत होते. शेजारी एक म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली होती. कुठून आलात, कोण कोण आहे घरी, अशी विचारपूस तिनं केली. सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. मुलगा होता. इथंच कामाला होता. एक खोली सापडली होती त्याला, ये ये म्हणायचा. मला जरा उशीर झाला.

म्हातारीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईसाठी कुठलाही मुलगा थांबला असता, असं ती म्हणाली.

‘नाही हो,’ सासूबाई म्हणाल्या, ‘नाही थांबला माझ्यासाठी.’ आणि सुनेकडं वळल्या. ‘हो ना गं?’

सून पाण्याकडं बघत होती. ‘हो, आई,’ ती म्हणाली.