बाराशे स्थळांचा पेनड्राइव्ह

आमच्या भांडुपच्या वधू-वर मंडळाच्या बॅनरवर 'बाराशे स्थळे' असं ठळक छापलेलं असतं. सेक्रेटरी भिकाजीकाका तो आकडा अशा थाटात सांगतात, की बाराशेच्या बाराशे मुलं त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलीत.

मी नेत्रा, वय तेहतीस. लग्न करायचं नाही हे सांगून सांगून माझा घसा बसला. बाबा गेल्यापासून आईला माझ्या लग्नाशिवाय दुसरा विषयच नाही. शेवटी तिने अट घातली.

"काकांनी पेनड्राइव्ह दिल्यानी. सगळी बघून झाल्याशिवाय नाय म्हणूचा नाय. मगे मी तोंड उघडूचंय नाय."

बाराशे मुलं बघता बघता मीच साठीला टेकले असते. पण सॉफ्टवेअर तपासण्यावरच माझं पोट चालतं. प्रत्येक फाइल मुलाच्या नावाने सुरू होत होती: मुकुल_सूट, मुकुल_गॉगल, मुकुल_मंगळ, मुकुल_बिनमंगळ. मी चार ओळींचा कोड लिहिला. रेघेआधीचं नाव घ्यायचं, पुन्हा आलं तर सोडून द्यायचं, उरतील ती मोजायची.

बत्तीस!

एकट्या मुकुलच्या नव्वद फाइली. पहिल्या बायोडेटात उंची पाच फूट पाच, शेवटच्यात पाच नऊ. पोरगं चाळिशीतही वाढीला लागलेलं.

मी काकांना फोन लावला. "काका, बाराशे कुठेत? बत्तीसच आहेत."

"गो बाय, गॉगलवालो मुकुल एकीक आवाडता, तो दुसरीक आवाडना नाय. मगे दोन स्थळा नाय झाली?"

मी फोन ठेवला. पण त्या बत्तीसपैकी एकतीस मी गेल्या काही वर्षांत बघून नाकारलेले होते. एक बघितला की सुटले! मी आनंदाने आईला हाक मारली आणि शेवटची फाइल उघडली.

भिकाजी. खुद्द सेक्रेटरी.

वय बासष्ट, विधुर. उंची बेताची. दात चार कमी. घोरतो. हे स्थळ माझ्यासाठी नव्हतं, आणि पेनड्राइव्ह आईच्याच हातात का दिला तेही कळलं.

आई चष्मा लावून पुढे सरकली. "ह्येची एकच फाइल?"

"एकच."

"मगे माणूस खरो दिसता." आणि लगेच लाजली. "बंद कर ता. ह्या वयात माका काय करूचा हा?"

बाबा गेल्यापासून आईला असं लाजताना मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं. मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात सरकवला.

"सगळं बघून झाल्याशिवाय नाय म्हणायचं नाय, आई."