गुडघ्यांकडे बघा

"गडी ठोसा खातो तेव्हा त्याच्या तोंडाकडे काय बघता? हसायला काय, कोणीही हसतं. गुडघ्यांकडे बघा, ते खोटं बोलत नाहीत!" तालमीत वस्ताद खेकसायचे. हेवीवेट बॉक्सर किती मार पचवेल, हे ते एका ठोशात ओळखत.

आज लेक येणार म्हणून त्यांनी सराव लवकर आटोपला, घरी येऊन दोन ताटं मांडली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, यंदाही यायला जमत नाहीये. रागावलात?"

"छे गं! मला काय धाड भरलीये?" वस्ताद खो खो हसले.

फोन ठेवला, भिंत चाचपली आणि ते मटकन खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांकडे बघायला घरात कोणीच नव्हतं.