चादरी उतरवा

बारा वाजले की आई खिडकीशी येऊन पातेल्याच्या झाकणावर पळी आपटायच्या आणि आवारातल्या दोन्ही इमारतींच्या खिडक्यांत हात दिसू लागायचे. कुणी तांब्याने, कुणी मगने, कुणी नुसत्या ओंजळीने खिडकीवर टांगलेली चादर भिजवायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ओली चादर या आवारात आणली मी, पण रुजवली त्यांनी.

मी दवाखान्यात नर्स आहे. काही उन्हाळ्यांपूर्वी उन्हाने पडलेली माणसं इतकी येऊ लागली की खाटा पुरेनात. तेव्हा आम्ही तिघं एकत्र आलो. कोपऱ्यावर औषधाचं दुकान चालवणाऱ्या ताई, वेधशाळेत नोकरी करणारे एक गृहस्थ ज्यांना सगळे हवामानवालेच म्हणतात, आणि मी. रविवारी तळघरातल्या स्कूटरी बाजूला सारून आम्ही लोकांशी बोलायचो. हवा का तापत चाललीय, पुढे काय वाढून ठेवलंय, आज आपल्या घरात काय करता येईल. हवामानवाले आलेख दाखवायचे आणि लोक जांभया द्यायचे. आई तर पहिल्याच रविवारी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिला गॅसवरचं उतू जाणारं दूध दिसत नाही, जगाचा ताप बरा दिसतो."

मग एका दुपारी मी त्यांना न विचारता त्यांच्या खिडकीला ओली चादर बांधली. बाहेर कोरडं, भाजून काढणारं ऊन होतं. चादरीतून येणारी झुळूक गार होऊन आत आली आणि कित्येक दिवसांनी आई दुपारच्या झोपल्या. उठल्या त्या तडक शेजारणीकडे. "सुनेचं ऐकू नका हवं तर," म्हणाल्या, "माझ्या खोलीत येऊन पाच मिनिटं बसा."

आमच्या तिघांच्या सगळ्या रविवारांनी जे झालं नाही ते त्या पाच मिनिटांनी झालं. आई दारोदार गेल्या. खिळे ठोकून दिले, दोऱ्या बांधून दिल्या. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा एकटेच राहतात, कानाने जड. त्यांची चादर आईंनी स्वतः टांगली. पण आजोबांना झाकणाची गरज नसायची. ते आपल्या भिंतीवरची घड्याळं बघून चादर भिजवायचे आणि आईंचा पळीचा हात हलताना बघून वरून त्यांनाच ओरडून सांगायचे, "वहिनी, तुमचं झाकण दोन मिनिटं पुढे आहे!"

"तुमचीच घड्याळं मागे आहेत!" आई ओरडायच्या. आजोबांना ऐकू जायचं नाही, ते हसून हात जोडायचे. रोजचं ठरलेलं.

यंदा बाळाचे लंगोट वाळेनात.

सकाळी दोरीवर घातलेले संध्याकाळी काढावे तर हाताला ओलसर, कुबट. बाळाच्या मानेच्या वळ्यांत घामोळं उठलं होतं. पावडर लावली की तिची लापशी व्हायची. दुकानात ताईंकडे मी तेच रडगाणं गात होते, तेवढ्यात हवामानवाले आले. हातातला चहाचा कप त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"तेच सांगायला आलोय," ते म्हणाले. "वारा फिरलाय. आता तो समुद्रावरून येतोय. पारा फार चढलेला दिसणार नाही, लोक म्हणतील यंदा बरं आहे. पण हवाच ओलीगच्च आहे. दोरीवरचा लंगोट वाळत नाही, तर अंगावरचा घाम कसा वाळणार? आणि घाम वाळला नाही तर अंग निवणार कसं? असल्या हवेत खोली बंद करायची आणि वर ओली चादर लावायची, म्हणजे..."

"म्हणजे काय?" ताईंनी विचारलं.

"माणसाला वाफेवर ठेवायचं."

ताई स्टुलावर बसल्या. "घसा फोडफोडून आपणच शिकवलं हो."

"आणि ते शिकले," मी म्हटलं. भीती त्याचीच वाटली. पालथ्या घड्यावर पाणी गेलं असतं तर आज बरं झालं असतं.

"गुरुवारपासून जोर धरेल," हवामानवाले म्हणाले. "रात्रीसुद्धा उतरणार नाही. चादरी उतरवायच्या, खिडक्या उघड्या टाकायच्या, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना दुपारभर तळघरात आणायचं. त्याखेरीज माझ्याकडे काही नाही."

मी बाळाला कडेवर घेऊन दारं वाजवत फिरले. प्रत्येक दारात तेच सांगितलं: कपडे वाळत नाहीयेत ना तुमचे? मग चादर काढा.

"मागच्या वर्षी ओली, यंदा कोरडी. पुढच्या वर्षी चादर पांघरून बसा म्हणाल."

"तुम्ही तिघं आधी आपसात ठरवा आणि मग या बाई."

"बाळ किती गोड घामेजलंय! आत आणा त्याला, आमच्या चादरीखाली बसवा."

घड्याळवाल्या आजोबांनी कानामागे हात धरून सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर थोपटलं. "मुली, चालत्या घड्याळाचं झाकण उघडू नये. तुझी चादर छान चालतेय." बाळाच्या कानाशी त्यांनी एक बारकं घड्याळ धरलं. टिकटिक ऐकून ते डोळे मोठे करून गप्प बसलं, आणि आजोबा इतके खूश झाले की माझ्या तोंडून पुढचं काही निघेना.

आणि सगळीकडे शेवटी एकच: "आईंची चादर तर आहे की वर! त्या काढतील तेव्हा आम्ही काढू."

आई बाळाच्या मानेवरून ओला रुमाल फिरवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"त्या घड्याळवाल्याच्या खिडकीला दोरी मी बांधलीय," त्या म्हणाल्या. "मी. आता त्याच्या दारात जाऊन सांगू की बाबा, जगायचं असेल तर सोड ती?"

"हो आई. अगदी असंच सांगा."

"थुंकलेलं चाटू?"

"तुम्ही चुकला नव्हता. मीही नव्हते. हवाच बदलली."

"एवढ्यात बदलली? माणसाची सवय बदलायला जन्म जातो."

"तेच तर आम्ही तळघरात सांगत होतो."

त्यांनी बाळाकडे पाहिलं. बाळ त्यांच्या बांगडीला दात येऊ लागलेली हिरडी घासत होतं. "मला वाटायचं तुम्ही पुढचं सांगताय," आई म्हणाल्या. "याच्या वेळचं."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी नुसता तो ओला रुमाल त्यांच्या हातातून घेतला.

"झाकण नाही वाजवणार," त्या म्हणाल्या. "याला दुपारी खाली नेईन. पण मला लोकांसमोर बोलायला लावू नकोस. तेवढं नको."

"आणि तुम्ही? तुम्हीही खालीच बसाल ना?"

"बसेन ग. तू जा कामाला."

मी विश्वास ठेवला. न ठेवून काय करणार होते? नवरा बोटीवर, फोन आला तर बोट बंदराला लागल्यावर. दवाखान्यात रजा मिळत नव्हती. आणि गुरुवार उजाडला तोच असा की सकाळी केस विंचरतानाच कपाळावरून धार लागली.

दुपारपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर माणसं होती. गणवेश पाठीला चिकटलेला, पुढून दुधाने भिजलेला. कुठलंही मूल रडलं की पान्हा फुटायचा. मी सलाइन लावत होते तेवढ्यात आमच्याच इमारतीतल्या एका म्हातारीला तिच्या मुलीने आणि रिक्षावाल्याने उचलून आणलं. म्हातारी काहीबाही बरळत होती.

"चादर काढली होती ना?" मी विचारलं.

"काढू कशाला? भिजवली की वेळेवर," मुलगी म्हणाली. "आज झाकण नाही वाजलं. म्हटलं आईंना झोप लागली असेल. सगळ्यांनी आपापली भिजवली."

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. झाकण वाजलं नाही याचा अर्थ कुणाला कळणार? तो तर कुणीतरी तोंडाने सांगायला हवा होता.

मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "घरी कोण आहे तुझं?"

"सगळेच," मी म्हटलं.

"जा."

आवारात पान हलत नव्हतं. दोन्ही इमारतींच्या खिडकीखिडकीला चादर, आणि प्रत्येक चादरीतून पाणी टपकत होतं. मी आधी तळघरात धावले. ताई पंखे लावून, बादल्या भरून बसल्या होत्या. समोर मोजकीच माणसं. बाळ त्यांच्या मांडीवर उघडंबंब बसून स्कूटरच्या आरशातल्या बाळाला हाका मारत होतं. अंग गार होतं. मी त्याच्या टाळूला नाक लावलं आणि क्षणभर मला दुसरं काहीही नको होतं.

"आई कुठे आहेत?"

"याला माझ्याकडे देऊन कधीच वर गेल्या. म्हणाल्या, गॅसवर दूध आहे."

गॅसवर काही नव्हतं. खोलीत शिरताच तोंडावर वाफ आली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तशी. बाकीच्या खिडक्या बंद, चादर निथळत होती. आई तिच्याखाली भिंतीला टेकून बसल्यासारख्या, पण मान कलंडलेली. हातात मग होता.

"आई!"

"दिसेल ना त्यांना," त्या पुटपुटल्या. जीभ जड झाली होती. "उतरलेली दिसली तर म्हणतील, म्हातारीने फसवलं..."

त्यांना माझं पटलं होतं. बाळापुरतं अगदी पटलं होतं. मी चादर दोरीसकट ओढून काढली, तावदानं ढकलली, बादली त्यांच्या अंगावर ओतली, वारा घातला. कातडी चटके देत होती. रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची मुलगी रडकुंडीला आलेली, म्हणाली, "मॅडम, तुमच्याआधी खूप आहेत." त्यांना खाली न्यायला हवं होतं, आणि मला एकटीला त्या उचलेनात.

ओट्यावर झाकण होतं. पळी होती.

मी खिडकीत उभी राहून झाकण बडवलं. अवेळी, वेड्यासारखं. चादरींच्या कडा बाजूला झाल्या, चेहरे दिसले. आम्हाला तळघरात शांतपणे बोलायची सवय. घाबरवू नका, समजावून सांगा, असं आमचंच एकमेकांना सांगणं. ते सगळं जळून गेलं. "चादरी उतरवा!" मी किंचाळले. "आई पडल्यात! या चादरीनेच पडल्यात! खाली चला, सगळे तळघरात चला! आणि चौघं जण माझ्याकडे या, हात जोडते, या कुणीतरी!"

आले. शेजारची दोघं, खालच्या मजल्यावरचा वायरमन, त्याची बायको. त्याच चादरीची झोळी करून आम्ही आईंना जिन्यावरून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती. कुणी टोमणा मारला नाही. झोळीतून पाणी पायरीपायरीवर सांडत होतं आणि आमच्या मागून चादरी ओरबाडल्याचा, दोऱ्या तुटल्याचा आवाज येत होता. एक बाई रडत रडत म्हणत होती, "पण मग करायचं काय? दुसरं काय करायचं ते तरी सांगा." माझ्याकडे 'खाली चला' एवढंच होतं.

ताईंनी दुकानातला सगळा बर्फ आणून आईंच्या काखेत, मानेशी ठेवला. तळघर भरत गेलं. पुष्कळ वेळाने आईंनी डोळे उघडले, माणसांची गर्दी पाहिली आणि अंगाखालची चादर तोंडावर ओढायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. या वेळी पद्धत-बिद्धत बघितली नाही.

"झाकण कुणी वाजवलं?"

"मी."

"वेळ चुकली," त्या म्हणाल्या. मग डोळ्यांतून पाणी. "काढल्या का ग सगळ्यांनी?"

हवामानवाले कचेरीतून धावत आले होते, शर्ट पिळून काढावा असा. "उद्या याहून वाईट आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. मी गर्दीवरून नजर फिरवली. एकेक चेहरा ओळखीचा. मग तळघराच्या उतारावरून बाहेर जाऊन वर पाहिलं.

समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकच चादर होती. काठाला पाणी साचून थेंब पडत होते. आजोबांना झाकण ऐकू येत नाही. त्यांना झाकण कधी लागलंच नाही.

मागून बाहेर आलेल्या ताईंच्या कडेवरून बाळाने माझ्याकडे झेप घेतली. मी त्याला घेतलं नाही. त्याचं रडणं जिनाभर माझ्या मागे येत राहिलं आणि माझं दूध गणवेशातून पाझरत राहिलं.

दार आतून बंद होतं. मी ठोठावलं, लाथ मारली, हाका मारल्या. कान लावला. आत पन्नास घड्याळं एकमेकांना चुकवत टिकटिकत होती आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी चादरीचं पाणी फरशीवर टप टप पडत होतं. वायरमन पहार घेऊन जिना चढत होता, त्याचा दम मला ऐकू येत होता.

मग ठोके पडायला लागले. एका घड्याळाचे, दुसऱ्याचे, मग सगळ्यांचे. ते संपेपर्यंत मी हाताच्या मुठी दारावर आपटत राहिले. आतून कुणीतरी ओरडून म्हणावं की मुली, तू दोन मिनिटं पुढे आहेस, एवढंच मला हवं होतं.