न थकणारी पेटी

मैदानावर दीड-दोनशे माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या माना एकाच गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाकडे वळल्या होत्या. पांढरा कोट घातलेल्या माणसाने टाकीत नळी घातली आणि पारदर्शक कॅनमध्ये पेट्रोल काढायला सुरुवात केली. नळीतून नुसती हवा यायला लागली, तसा त्याने कॅन डोक्यावर धरला.

"टाकी कोरडी! या, जवळ या, वाकून बघा, वास घ्या! पेट्रोलच्या गुलामीचा हा शेवटचा कॅन!"

मग तो गाडीत बसला आणि गाडीने अजिबात आवाज न करता मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. लोकांनी तोंडात बोटं घातली. शिंपीकाका, जे उधारीवर दोराही देत नाहीत, ते डोळे पुसत होते.

"बॅटरी थकते," कोटवाला माइकवर म्हणाला, "इंजिन थकतं, माणूस थकतो. माझी पेटी थकत नाही! चाळीस वर्षं! डिकीत बसवा, घरच्या प्लगला लावा. ती तुमच्या मनाचे तरंग वाचते. एकवीस दिवस द्या तिला. एकवीस दिवसांत ती तुम्हाला ओळखायला लागेल!"

"बायको तीस वर्षांत ओळखायला लागली नाही हो," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. पण हसणारेही नाव नोंदवायच्या रांगेत उभे राहिले. त्या रांगेत माझी ताई होती.

मी मेकॅनिक आहे. हायब्रिड गाड्या माझ्याकडे येतात, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या. सहा वर्षं मी त्यांच्या डिकीत एक जादा बॅटरी बसवून द्यायचो. किट म्हणायचे त्याला. रात्रभर घरच्या प्लगवर चार्ज करायची, सकाळी पहिले पंचवीस-तीस किलोमीटर पेट्रोलला हात लावायचा नाही, पुढे गाडी नेहमीसारखी. त्यात जादू नव्हती, वायरिंग होतं. मग गाड्यांच्या कंपन्या कारखान्यातच प्लग लावून द्यायला लागल्या आणि किट बनवणारी कंपनी बंद पडली. फोन केला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं एक बाई सांगायची. पुढे तीही बंद झाली. सुटे भाग नाहीत, गॅरंटी नाही, बसवलेल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या. लोक दारात येऊन विचारायचे, "आता पुढे काय?" मी पान्हा पुसत बसायचो. मला काही वाटेनासं झालं होतं. राग नाही, वाईट नाही, काहीच नाही.

त्यामुळे कोटवाल्याला बघूनही मला राग आला नाही. कुठलीही हायब्रिड गाडी, टाकी कोरडी असली तरी, हळू चालवली तर स्वतःच्या बॅटरीवर किलोमीटरभर सहज जाते. मैदानाच्या पाच फेऱ्या म्हणजे जेमतेम आठशे मीटर. सहावी फेरी मार म्हणावं, असं मनात आलं. पण ओरडायला तोंड उघडावंसं वाटलं नाही.

ताई नाव नोंदवून आली. "पुढच्या रविवारी बसवणार आहेत. जुनं किट ते काढून नेणार. दोन्ही एका गाडीत नांदत नाहीत म्हणे, जुन्या बॅटरीतून वाईट लहरी येतात."

"ताई, तुझं किट चालतंय."

"किती चालतंय? तीस जायची, आता अठरावर आलीये. उद्या दहावर येईल. मग?"

ताई आठवड्यातून तीन वेळा भावजींना डायलिसिसला नेते. दवाखाना बावीस किलोमीटर लांब, जाऊन-येऊन चव्वेचाळीस. भावजींना बसचे धक्के सोसत नाहीत. त्या जुन्या गाडीवर आणि माझ्या हाताने बसवलेल्या किटवर त्यांचं सगळं चाललंय.

"ते किट गेलं तर परत मिळणार नाही," मी म्हणालो. "कुठेच मिळणार नाही."

"तुझी कंपनी फोन तरी उचलते का?" ताई म्हणाली. "हा माणूस समोर उभा राहून सांगतोय, पेटी थकत नाही. मला ना, एक तरी न थकणारी वस्तू घरात हवी आहे रे."

मी हात टेकले.

आणि आमच्या गावात या पेटीचा सगळ्यात मोठा भक्त कोण, तर हेडमास्तर. रिटायर्ड, विज्ञान शिकवायचे. माझेच सर. त्यांनी महिन्यापूर्वी माझं किट काढून देऊन पेटी बसवून घेतली होती. रोज संध्याकाळी गाडी वाण्याच्या दुकानासमोर उभी करायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डॅशबोर्ड दाखवायचे. एका लिटरला एकसष्ट किलोमीटर! हिरव्या अक्षरात, ठसठशीत.

"हात लाव पेटीला," सर मला म्हणाले. लावला. कोमट होती. आतून बारीक घूं घूं येत होतं.

"जिवंत आहे!" सर म्हणाले.

"उघडून बघू का, सर?"

"खबरदार! सील आहे. हवा लागली की आतल्या पेशी मरतात."

पेट्रोलच्या काट्यावर गोल सोनेरी स्टिकर चिकटवलेला होता. हे काय, म्हणून विचारलं. काट्याकडे बघत गाडी चालवली की माणसाच्या मनात जुनी भीती येते आणि पेटीचं शिक्षण बिघडतं, असं कोटवाल्याने सांगितलं होतं. वर असंही सांगितलं होतं, की टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून अधूनमधून थोडं घालत राहा.

आता आमच्याकडे पेट्रोल कसं भरतात ते सांगतो. खिडकीतून एक नोट बाहेर काढायची, "एवढ्याचं टाक" म्हणायचं आणि काच वर करायची. टाकी काठोकाठ कोणीच भरत नाही. गळ्यापर्यंत भरणं म्हणजे उधळपट्टी, असं घराघरांत शिकवलेलं. त्यामुळे गाडीने नक्की किती पेट्रोल प्यायलं हे गावात एकालाही माहीत नसतं. डॅशबोर्ड सांगेल ते खरं. कोटवाल्याने आम्हाला बरोबर ओळखलं होतं, त्याला एकवीस दिवससुद्धा लागले नाहीत.

गुरुवारी ताईला बरं नव्हतं, म्हणून भावजींना मी घेऊन गेलो. डायलिसिसच्या आधी नर्सबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो चारशे. चार तासांनी पुन्हा उभं केलं. पंचावन्न नऊशे.

"मशीन तर दोन लिटर आठशे काढलं म्हणतंय," मी स्क्रीनकडे बघून म्हणालो. "काट्यावर अडीचच किलो कमी झालंय."

"मध्ये यांचा चहा झाला, शेवटी नळ्या धुताना थोडं पाणी आत गेलं. मशीनला त्याचं काय?" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ते म्हणेना का काहीही. मी आधीचा काटा लिहिते आणि नंतरचा काटा लिहिते. आत काय गेलं, बाहेर काय आलं, ते तिथेच कळतं."

परतीच्या वाटेवर भावजी डोळे मिटून होते. डायलिसिसनंतर ते बोलत नाहीत, अंगात त्राणच उरत नाही. पण पुलाच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले.

"मेव्हणे, हेडमास्तरांच्या गाडीला कोणी काट्यावर उभं केलंय का?"

"म्हणजे?"

"आधीचा काटा, नंतरचा काटा. टाकी गळ्यापर्यंत भरा. दवाखान्याला जाऊन या. पुन्हा गळ्यापर्यंत भरा. दुसऱ्यांदा जेवढं लागेल तेवढंच गाडी प्यायली. मशीनला कशाला विचारायचं?"

मी गाडी बाजूला घेतली. सहा वर्षं किट बसवत होतो मी. हे मला सुचायला हवं होतं.

शनिवारी ताईची आणि सरांची, अशा दोन्ही गाड्या पंपावर उभ्या केल्या आणि गळ्यापर्यंत भरल्या. सर आनंदाने तयार झाले होते, त्यांना शंकाच नव्हती. त्यांच्या गाडीच्या टाकीत अडतीस लिटर पेट्रोल गेलं.

"टाकी खडखडीत होती की!" पंपावरचा माणूस म्हणाला.

डॅशबोर्ड तोपर्यंत सांगत होता, की आहे त्या पेट्रोलवर गाडी अजून तीनशे किलोमीटर जाईल. खरं तर शंभरही गेली नसती. ताईने ते ऐकलं. तिने एकदा भावजींकडे बघितलं.

भावजी सरांच्या गाडीत बसले, मी ताईच्या. दवाखान्यात गेलो, चार तास बसलो, परत आलो. तोच पंप, तीच नळी, तोच माणूस. "पहिल्यांदा टक् वाजलं की थांबायचं," मी त्याला बजावलं. "लहान पोराला भरवताय की काय," तो पुटपुटला, पण थांबला.

ताईच्या गाडीत एक लिटर तीनशे गेलं.

सरांच्या गाडीत दोन लिटर तीनशे.

"एकसष्टच्या हिशेबाने पाऊण लिटरही लागायला नको होतं, सर," मी म्हणालो. "एकोणीस पडलं तुम्हाला. किट नसलेल्या गाडीला पडतं तेवढंच, उलट पेटीचं ओझं वाहून थोडं कमीच."

"पंप खोटा असेल."

"ताईची गाडी याच पंपावर भरली ना?"

"पेटी अजून शिकत असेल."

"तीस दिवस झाले, सर."

सर डॅशबोर्डकडे बघत राहिले. तिथे हिरव्या अक्षरात एकसष्टच होतं. मग त्यांनी डिकीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "उद्या उघड," म्हणाले. "सगळ्यांसमोर उघड."

रविवारी मैदानावर पुन्हा तीच गर्दी, तोच कॅन, त्याच पाच फेऱ्या. टाळ्या थांबल्यावर सर पुढे गेले. "सहावी फेरी मारा," त्यांनी कोटवाल्याला सांगितलं, वर्गात सांगायचे त्याच आवाजात.

"श्रद्धा पाच फेऱ्यांत बसते, गुरुजी."

"मारा सहावी. मग सातवी. मग आठवी."

कोटवाल्याची भंबेरी उडाली. पेटीला विश्रांती लागते, म्हणाला. "न थकणाऱ्या पेटीला विश्रांती कशाला?" शिंपीकाकांनी विचारलं. माणूस शहाणा, फक्त उशिरा.

तोपर्यंत मी सरांच्या पेटीचं सील तोडलं होतं. पुढच्या लोकांना आत बघू दिलं. फरशीचे आठ तुकडे, वजन भरायला. इस्त्रीत असते तशी एक कॉइल, पेटी कोमट ठेवायला. प्लग लावला की विजेचा मीटर फिरायचा, तो तिच्यामुळेच. पेटीखालून एक वायर गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला जोडलेली, म्हणजे प्लग नसतानाही कॉइल कोमट राहील आणि एक छोटा पंखा घूं घूं करेल. बॅटरीची एकही पेशी नाही.

"मग एकसष्ट कुठून यायचं?" कोणीतरी विचारलं.

मी डॅशबोर्डच्या मागून बोटाएवढी चकती ओढून काढली. "इंजिन किती पेट्रोल पितंय, ते वायरीतून डॅशबोर्डला कळवतं. ही मध्ये बसते आणि तीन लिटरचं एक लिटर करून सांगते. एवढंच."

कोटवाला तेवढ्यात टेम्पोकडे सटकला होता. लोकांनी टेम्पो अडवला. आत ताडपत्रीखाली सात बॅटऱ्या होत्या, माझ्या कंपनीच्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख. हा त्याचा खरा धंदा. जी वस्तू आता बनत नाही तिला बाहेर मोल येतं. लोकांच्या गळ्यात फरशी मारायची आणि डिकीतली खरी बॅटरी घेऊन जायची. सरांनी ताडपत्री उचलून प्रत्येक तारीख वाचली. त्यांची बॅटरी त्यांत नव्हती.

"मी मुलांना प्रयोग करायला सांगायचो," सर मला म्हणाले. "स्वतः मात्र आकडा वाचत बसलो."

कोणी कोटवाल्यावर हात टाकला नाही. पोलीस येईपर्यंत सगळे नुसते उभे होते. मीही उभा होतो.

मंगळवारी सकाळी मी ताईच्या गाडीचा प्लग काढून गुंडाळत होतो. भावजी आत बसले होते. ताई माझ्याजवळ आली.

"आता खरं सांग. हे अजून किती दिवस?"

पूर्वीसारखं "बघू" म्हणणार होतो. पण तसं म्हणालो नाही. "दीड वर्ष. फार तर दोन. पुढे सुटे भाग मिळतील की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

ताईने मान हलवली. "दोन वर्षं," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. आता त्या बेताने चालेन." आणि पदराने डोळे पुसून गाडीत बसली. भावजींनी खिडकीतून माझा हात धरला. किती तरी महिन्यांनी मला काहीतरी वाटलं. मी रडलो, प्लग हातात धरून, भर रस्त्यात.

एवढंच सांगतो आणि थांबतो. उद्या दुसरा कोट येईल. त्याची वस्तू थकणार नाही, संपणार नाही, तुम्हाला मनातून ओळखेल. त्याच्याशी भांडू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, जाऊन या आणि पुन्हा भरा. नळीतून किती गेलं, ते स्वतः उतरून वाचा.