चाक फिरेपर्यंत

दसरा झाला तेव्हापासून वृंदा गायधनीचा लॅपटॉप सुरू व्हायला एक वर्ष लागू लागले. ती बटण दाबी, पडद्यावरचे छोटे पांढरे चाक फिरू लागे, आणि हातातल्या चहावर साय धरायच्या आत पडदा उजळे. तिच्यापुरता तेवढाच वेळ. घरातल्या बाकीच्यांचे मात्र वर्ष सरलेले असे.

पहिल्या खेपेला अकरा वर्षांची ऋजुता शेजारी बसून भागाकार करत होती. "एकच मिनिट हं," म्हणत वृंदाने बटण दाबले. मान वळवून पाहिले तो ऋजुताच्या फ्रॉकच्या बाह्या आखूड झाल्या होत्या आणि वहीत बीजगणित होते.

"माझा वाढदिवस होऊन गेला," ऋजुता म्हणाली.

"मग हाक नाही का मारायचीस?"

"मारली की. तू म्हणालीस, एकच मिनिट."

अकरा वर्षे वृंदाने लॅपटॉप कधी पुरता बंद केलाच नव्हता. नुसते झाकण मिटायची. दसऱ्याला पाटावर मांडताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, आज हत्यारांना विश्रांती द्यायची असते. चालू काय ठेवतेस?" म्हणून तिने तो बंद केला, हळदकुंकू वाहिले, वर आपट्याचे पान ठेवले. आता सुरू झाला की तो आठवडाभर चाले, मग तापून विझे, आणि पुन्हा बटण दाबावे लागे.

दाबणे भाग होते. आत तिने जमवलेला तांबटांच्या बोलीचा कोश होता. भांड्यावर पडणाऱ्या प्रत्येक घावाला, त्यातून उठणाऱ्या प्रत्येक नादाला त्या लोकांत वेगळे नाव होते. असे चार हजार शब्द. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकच उरला होता, आणि त्याला आता ऐकू येत नसे.

तिसऱ्या खेपेला पडदा उजळला तेव्हा भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. वृंदा रडली. बाकीच्यांचे रडून झाले होते; त्यांनी तिला पाणी आणून दिले.

पाचव्या खेपेनंतर लॅपटॉप विझला, तेव्हा तिने दुरुस्तीवाल्या मोमीनभाईंना घरी बोलावले. त्यांनी झाकणाला कान लावला.

"नवा घ्या, मॅडम. ह्याची डिस्क काढून त्याला जोडतो. हा सुरूसुद्धा करायला नको."

"आणि कोश?"

"तुमचा फॉन्ट जुना आहे, तो ह्याच्याच पोटात चालतो. नव्यात सगळ्या अक्षरांचे चौकोन दिसतील."

"मग ह्यातच काही बदलता येईल का?"

"येईल की. नवी डिस्क टाकतो, रॅम वाढवतो. दहा सेकंदांत उठून बसेल. फक्त आतलं उतरवून घ्यायला तेवढा एकदा सुरू करून ठेवा." त्यांनी पुन्हा कान लावला. "ह्या वेळी वर्षात भागणार नाही. चाळीस धरा."

सोळा वर्षांची ऋजुता दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या वेणीत अबोलीचा गजरा होता.

"चार हजार चौकोन, आई?" तिने विचारले.

वृंदा उठली. पायांत चपला सरकवून ती बाहेर पडली. लॅपटॉपच्या दुकानापर्यंत गेली, कोपऱ्यापर्यंत परतली, पुन्हा गेली. काचेपलीकडचे नवे लॅपटॉप क्षणात उजळत होते, क्षणात मिटत होते. तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आले, की ऋजुताचा तेरावा वाढदिवस कसा झाला हेही आपल्याला ठाऊक नाही. ती आत शिरली आणि नवा घेऊन बाहेर आली.

खोका काखेत धरून ती घरी पोचली, तर टेबलाशी ऋजुता बसली होती. पडद्यावर चाक फिरत होते.

"तू अकरा वर्षं घातलीस ह्यात," ऋजुता पडद्याकडे बघतच म्हणाली. "सारखं तूच का बसायचं? आज मी बसते."

"ऋजू, ऊठ. मी नवा आणलाय."

"एकच मिनिट, आई."

वृंदा खोका घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. दिवाळी झाली. पुन्हा दिवाळी झाली. ती रोज ऋजुताचे ताट वाढी, झाकून ठेवी, सकाळी उचली. खोक्यावरचे चित्र आधी फिके झाले, मग पांढरे. वृंदाचे गुडघे कुरकुरू लागले. समोरचे दात पडले. ऋजुताच्या वेणीतली अबोली ताजी होती.

एके दिवशी वृंदाचा नवरा गिरीश काठी टेकत आला, कसाबसा स्टुलावर चढला आणि आपल्या आईच्या फोटोशेजारी स्वतःच्या फोटोसाठी खिळा ठोकू लागला.

"सरळ आहे का बघ गं जरा."

वृंदाने डोळे बारीक केले.

"थोडा डावीकडे घ्या," ती म्हणाली, आणि डब्यातून आपल्यासाठी दुसरा खिळा काढून तिने त्याच्या हातात दिला.